समोरचा दात कंपोझिटने बांधला, पण रेघ राखाडीच दिसते

जुळे_सोलापूर

नमस्कार. केस अशी आहे. पेशंट २३ वर्षांची, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला. वरचा उजवा सेंट्रल (मधला समोरचा दात), ११ नंबर. मिडलाइनकडचा कोपरा गेलाय. उंचीला साधारण ३ मि.मी., रुंदीला ४. एनॅमल (वरचं कठीण कवच) आणि डेंटिन (त्याखालचा थर) दोन्ही गेलंय, नस उघडी नाही. थंडाची टेस्ट शेजारच्या दातासारखीच, एक्स-रे स्वच्छ. तुकडा मिळाला नाही.

रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) लावला, मग शेड, म्हणजे दाताचा रंग, घेतली. ए-२ आली. अर्ध्या मि.मी.चा बेव्हल (तुटलेल्या कडेला दिलेला उतार), ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, बाँड (चिकटवणारा द्रव), आणि ए-२ च्या कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या मसाल्याच्या) एकाच सिरिंजने दोन थरांत दात उभा केला. मायलर पट्टी (पारदर्शक प्लास्टिकची) बोटाने दाबून आकार दिला. डिस्क आणि रबर कपने पॉलिश.

आता दिसतं काय, तर तुटलं होतं तिथे एक आडवी रेघ, आणि रेघेखालचा भाग राखाडी. तोंड उघडलं की जास्तच. दात कोरडा पडलाय म्हणून फरक दिसत असेल, उद्या जुळेल असं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी दात मूळ रंगावर आला, राखाडी भाग तसाच. आणखी एक कोडं म्हणजे ११ हा २१ पेक्षा, म्हणजे शेजारच्या डाव्या सेंट्रलपेक्षा, रुंद दिसतो. कॅलिपर लावला तर दोन्ही साडेआठ मि.मी.

ए-१ घेऊन पुन्हा करू का? की सरळ व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) सांगू?

भुईकोट

ए-१ नको. रेघ तीच राहील, फक्त दात जरा पांढरा होईल आणि तुम्ही दुसऱ्यांदा काढायला बसाल.

हा शेडचा दोष नाही, अपारदर्शकतेचा आहे. तुटलेल्या कोपऱ्याच्या मागे काही नसतं, तोंडाचा अंधार असतो. नैसर्गिक दातात डेंटिन तो अंधार अडवतं. तुम्ही वापरलीत ती बॉडी शेडची सिरिंज. ती ना डेंटिनइतकी गच्च, ना एनॅमलइतकी काचेसारखी. दाढेच्या खड्ड्यात ती छान दिसते कारण चहूबाजूंनी दात असतो. समोरच्या कोपऱ्यात तिच्यातून अंधार आरपार येतो, आणि तो राखाडी दिसतो. तोंड उघडल्यावर वाढतो म्हणता, तेच त्याचं लक्षण. खात्री करायची असेल तर दाताच्या मागे पांढऱ्या कागदाचा कपटा धरा. राखाडीपणा गेला की समजा डेंटिनच्या थराची उणीव आहे.

रेघेचं कारण बेव्हलमध्ये. अर्धा मि.मी. म्हणजे फक्त धार मारली. ओठाकडच्या बाजूला दीड ते दोन मि.मी.चा, वर जाता जाता विरून जाणारा बेव्हल हवा, आणि त्याची कड सरळ नको, नागमोडी हवी. डोळा सरळ रेघ लगेच पकडतो, वेडीवाकडी सोडून देतो. आतल्या बाजूला लांब बेव्हल नको, तिथे खालचे दात घासतात आणि पातळ कड उडते.

आता थर. दोन सिरिंज पुरतात, एक डेंटिन आणि एक एनॅमल. बारा सिरिंजचं किट घेऊन पाच वापरल्या की दात गोधडीसारखा दिसतो.

डेंटिनची शेड मानेजवळ बघा, तिथे एनॅमल पातळ असतं. एनॅमलची शेड मधल्या भागात. डेंटिनचा थर तुटलेल्या कडेवर थांबवायचा नाही, बेव्हलच्या निम्म्यापर्यंत वर चढवायचा. रेघ झाकणारा थर हाच. खाली मात्र धारेच्या १ ते दीड मि.मी. अलीकडे थांबवायचा आणि तिथे तीन बोटं काढायची, मॅमेलॉन. बोटं सारख्या लांबीची नकोत, २१ वर जशी दिसतात तशी.

त्यावर एनॅमलचा एकच थर, अर्धा मि.मी., त्याहून जाड नाही. सगळ्यात जास्त दात इथे बिघडतात. खऱ्या एनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.६२ च्या आसपास, कंपोझिटचा बहुतेक वेळा १.५ च्या जवळ. म्हणून खरं एनॅमल जाड असलं तर दात उजळ दिसतो, आणि कंपोझिटचं एनॅमल जाड झालं तर उलट काळवंडतो. डेंटिन ठेवून झाल्यावर आरसा धारेखालून धरा आणि खालून वर बघा. शेजारच्या दाताच्या पृष्ठभागापासून डेंटिन अर्धा मि.मी. आत आहे का, ते तिथूनच कळतं. समोरून कधीच कळत नाही.

व्हिनिअरचा विचार इतक्यात नको. अर्ध्याहून जास्त दात शाबूत असताना २३ व्या वर्षी चांगलं एनॅमल कशाला घासायचं?

हुरडा

सरांनी थरांचं लिहिलंय, त्याआधीचं एक. शेड रबर डॅमनंतर घेतलीत, हे उलटं झालं. दात कोरडा पडायला काही मिनिटं पुरतात आणि पडला की तो पांढुरका, उजळ दिसतो. पूर्ववत व्हायला कधी अर्धा तास, कधी दुसरा दिवस. म्हणून पेशंट खुर्चीत बसली की पहिली पाच मिनिटं शेडची. डॅम नाही, भूल नाही, कापूस नाही.

शेडगाइडवर फार विसंबू नका. तिचे दांडे कंपोझिटचे नसतात आणि त्यांची जाडी तुमच्या थराची नसते. बटण पद्धत करा. एच न करता (अ‍ॅसिड न लावता), बाँड न लावता, ओल्या दातावर मधल्या भागात डेंटिन शेडचा छोटा गोळा, धारेजवळ एनॅमल शेडचा, प्रत्यक्ष असेल त्याच जाडीचा. क्युअर करा. क्युअर केल्याशिवाय (लाइटने घट्ट केल्याशिवाय) बघण्यात अर्थ नाही, कारण बरीच कंपोझिट लाइट दिल्यावर रंग बदलतात. मग मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. बटण दातात विरघळलं तर उजळपणा जुळला. उजळपणा जुळला असेल तर रंगछटेत अर्धी पायरी इकडेतिकडे चालते, त्याचं उलट चालत नाही. प्रोबने टिचकी मारली की बटण निघतं.

फोटोत फ्लॅश समोरून पडला तर दातावर पांढरा चट्टा येतो आणि काहीच दिसत नाही. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) असेल तर उत्तम, नसेल तर उत्तरेच्या खिडकीपाशी उभं करा. दुपारच्या उन्हात नाही.

थर ठेवताना खुर्चीचा दिवा बाजूला वळवा किंवा त्यावर केशरी झाकण टाका. त्या उजेडात कंपोझिट वरून अर्धवट धरायला लागतं, मग इन्स्ट्रुमेंटला ओढलं जातं आणि आत पोकळ्या राहतात. त्याच पोकळ्या पॉलिशनंतर पांढरे ठिपके होऊन वर येतात.

मेणकाम

मी लॅबमधला, सिरॅमिक आणि वॅक्स-अपचं (मेणात दात घडवायचं) काम. दोन गोष्टी.

बोटाने पट्टी दाबून मागची भिंत होत नाही. ती कुठे फुगते, कुठे खपते, आणि मग पुढच्या थरांची जाडी हातात राहत नाही. इंडेक्स, म्हणजे मागच्या आकाराचा साचा, करा. आता दातावर जे कंपोझिट आहे ते काढायच्या आधी त्याचाच उपयोग होईल. लांबी आणि मागचा आकार बरा असेल तर त्यावरच पुट्टीने (साच्याच्या लगद्याने) माप घ्या. बरा नसेल तर बाँड न लावता जुन्या मुदत संपलेल्या कंपोझिटने मॉक-अप (तात्पुरता नमुना) करा किंवा मॉडेल पाठवून मेणात करून घ्या. पुट्टी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, आतल्या बाजूने, भरपूर जाड. पातळ पुट्टी वाकते. बसली की ब्लेडने कापायची, पण कुठे? धारेच्या बरोबर मध्यावर. धारेचा आतला अर्धा भाग पुट्टीत राहिला पाहिजे. लोक पूर्ण धार कापून टाकतात आणि मग लांबी अंदाजाने येते.

इंडेक्स तोंडात बसवून तुटलेल्या कडेची रेघ प्रोबने पुट्टीवर कोरा. बाहेर काढून त्या रेघेच्या जराशी पुढे जाईल इतपत एनॅमल शेड पसरा, नखाहून पातळ, ०.३ मि.मी. पुरे. बसवा, ओठाकडून क्युअर करा, इंडेक्स काढा, मग आतून पुन्हा क्युअर. नखासारखी एक पारदर्शक पाकळी उभी राहते. तिच्या धारेवर आतून डेंटिन शेडची केसाएवढी रेघ दिलीत तर तरुण दाताला असते ती पांढरी किनार मिळते. केसाएवढी म्हणजे केसाएवढीच. जाड झाली की खडूने ओढल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट रुंदीची. कॅलिपर खोटं बोलत नाही, डोळाही नाही. दात किती रुंद *दिसतो* हे त्याच्या कडा ठरवत नाहीत, ओठाकडच्या पृष्ठभागावरच्या दोन उभ्या कंगोऱ्यांमधलं अंतर ठरवतं. पृष्ठभाग जिथून बाजूला वळतो तो कंगोरा, लाइन अँगल. दोन कंगोऱ्यांमधला सपाट भाग उजेड परत फेकतो, बाहेरचा वळलेला भाग सावलीत जातो. तुमचा मिडलाइनकडचा कंगोरा डिस्कने घासून बाहेर सरकला असणार, म्हणून चमकणारा भाग रुंद झाला.

उपाय सोपा. २१ वाळवा, पेन्सिल आडवी धरून दोन्ही कंगोऱ्यांवर रेघ ओढा. मधलं अंतर मोजा. तेवढंच ११ वर आखा. ११ च्या रेघेच्या बाहेरचा भाग बारीक डिस्कने बाजूला वळवा, रेघेच्या आत हात लावू नका. रेघ पुसली गेली की पुन्हा आखा. पाच-सात वेळा आखावी लागते, कंटाळू नका.

एवढं झालं की बाजूने बघा. सेंट्रलचा समोरचा भाग एका पातळीत नसतो, तीन असतात. मानेचा, मधला आणि धारेकडचा. धारेकडचा आत कललेला असतो. तो सपाट ठेवला की शेड शंभर टक्के जुळूनसुद्धा दात पुढे आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे सिरॅमिक दात परत येतो तोही बहुधा याच तक्रारीने, आणि वर चिठ्ठीत लिहिलेलं असतं ‘शेड चुकली’.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे आभार. कागदाचा कपटा धरला, राखाडी खरंच गेलं! २१ वर पेन्सिल मारली तर कंगोऱ्यांमध्ये मि.मी.भर फरक निघाला.

तीन शंका. एक, जुनं कंपोझिट काढताना दात किती खाल्ला जातोय ते कळत नाही. दोन, मिडलाइनकडची बाजूची भिंत पट्टीने केली तर काँटॅक्ट (दोन दातांचा स्पर्श) उघडा राहतो आणि खाली काळा त्रिकोण दिसतो. तीन, सध्या दुपारी क्लिनिकमध्ये पारा चाळिशीला टेकलाय, कंपोझिट हातात लोण्यासारखं होतं, मॅमेलॉन काढले की वितळून एक होतात.

भुईकोट

काढताना जांभळ्या प्रकाशाची टॉर्च, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरची, दातावर मारा. बरीच कंपोझिट त्यात दातापेक्षा वेगळी चकाकतात. कोरड्या दातावर मारा, खोली अंधारी ठेवा. शेवटचा पापुद्रा मोठ्या डायमंडने नको, फिनिशिंग कार्बाइडने हळू, मग डिस्कने. थोडं कंपोझिट एनॅमलवर चिकटून राहिलंच तर बिघडत नाही, पण बेव्हलच्या जागेवर नको, तिथे एच लागणार नाही.

भिंतीसाठी दाढेचं सेक्शनल मॅट्रिक्स (धातूची वक्र पट्टी) उभं करून लावा. वक्र तयारच असतो त्यात. वेज (पाचर) लावून दात जरासा फाकवला की पट्टीची जाडी भरून निघते आणि काँटॅक्ट बसतो. मायलरच वापरायची असेल तर कंपोझिट ठेवून पट्टी ओठाकडून आतल्या बाजूला एका दमात ओढा, कंपोझिट तिच्यासोबत वळतं. आधी पाकळी, मग ही भिंत, मग मधे डेंटिन. भिंत झाली की उरतो तो साधा खड्डा, आणि खड्डा भरायला सगळ्यांना येतं. काळा त्रिकोण तरीही राहिला तर काँटॅक्ट मानेकडे थोडा लांबवा, दाब देऊन हिरडी आणायला जाऊ नका.

उन्हाळ्याचं म्हणाल तर सिरिंज फ्रिजमध्ये ठेवा आणि कामाच्या तासभर आधी बाहेर काढा. एकदम थंड वापरलं तर ते कडक असतं, दातावर नीट पसरत नाही, वर दमटपणा धरतं. समोरच्या दाताची केस सकाळी पहिली घ्या, हा सगळ्यात स्वस्त उपाय. लागेल तेवढंच पॅडवर काढा आणि झाकून ठेवा. एकेक मॅमेलॉन ठेवून तीन-चार सेकंद क्युअर करा, तिन्ही एकदम नाही. चिकटतंय म्हणून इन्स्ट्रुमेंट बाँडमध्ये बुडवायची सवय असेल तर ती सोडा. बाँडमधला द्रावक थरांत अडकतो, तिथे पुढे डाग धरतो. मॉडेलिंग रेझिन ब्रशला नावापुरतं, आणि ब्रश गॉजवर पुसून. स्पिरिट तर नकोच.

हुरडा

बाँडिंगबद्दल कोणी विचारलं नाही, पण रेघ राखाडी गेली की पांढरी येते, म्हणून आधीच लिहितो.

शेजारच्या दातांवर टेफ्लॉन टेप. एनॅमलवर अ‍ॅसिड ३० सेकंद, डेंटिनवर १५ च्या वर नाही. म्हणजे आधी एनॅमलवर, १५ सेकंदांनी डेंटिनवर. अ‍ॅसिड बेव्हलच्या थोडं पलीकडे न्या. धुवा. डेंटिन खणखणीत वाळवू नका. बाँड २० सेकंद घासा, नुसता फासू नका, मग हवेने पातळ करा जोवर त्याच्या लाटा थांबत नाहीत. बेव्हलच्या कडेला साचलेला बाँड नंतर पिवळी-तपकिरी रेघ होतो.

पांढरी रेघ म्हणजे कडेच्या एनॅमलला पडलेल्या सूक्ष्म चिरा. मुख्य कारणं दोन. एक, कंपोझिट आकसताना कडेला बसलेली ओढ. दुसरं, कोरडं, जोरात केलेलं फिनिशिंग. म्हणून थर लहान ठेवा, २ मि.मी.च्या आत, आणि कडेवर पाणी मारत, हलक्या हाताने डिस्क फिरवा. डिस्कची दिशा कंपोझिटकडून दाताकडे.

लाइटची ताकद रेडिओमीटरवर तपासता का? १००० मिलिवॅट प्रति चौ. सें.मी. लिहिलेला लाइट टोकावर कंपोझिटचा पापुद्रा चिकटला की निम्म्यावर येतो आणि आवाज मात्र तोच करतो. शेवटचा थर झाला की वर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा क्युअर, ओठाकडून आणि आतून. हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर चिकट राहतो, तो त्याने पक्का होतो. हे न केलं तर पॉलिश लवकर मरू शकतं.

पॉलिशची घाई त्याच दिवशी नको. आकार त्या दिवशी, बारीक काम पुढच्या भेटीत, दात ओला होऊन रंग खरा दिसायला लागल्यावर. पिवळ्या पट्टीचा डायमंड कमी वेगावर आडवा फिरवून एनॅमलच्या बारीक आडव्या रेषा, मग रबर, मग बकरीच्या केसांच्या ब्रशने पेस्ट. रेषा २१ वर असतील तरच. गुळगुळीत दाताशेजारी खरबरीत दात कशाला?

शेंगाचटणी

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलाचा दात गेल्या आठवड्यात असाच तुटलाय, म्हणून वाचतोय. तुकडा डबीत ठेवलाय. उपयोग आहे का? आणि या दात भरायच्या मसाल्याला हळदीचा डाग पडतो का? आमच्याकडे चटणीशिवाय जेवण नाही.

भुईकोट

तुकडा फेकू नका, आजच घेऊन जा. बसत असेल तर आमच्या कुठल्याही थरांपेक्षा तो सरस, रंग आणि पोत दोन्ही मूळचेच. कोरडा पडला असेल तर डॉक्टर तो चिकटवायच्या आधी वीस मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवतात. नाहीतर तो पांढरट दिसत राहतो. नसेची तपासणी तुकडा बसला तरी व्हायलाच हवी, ६ ते ८ आठवड्यांनी आणि वर्षाने पुन्हा. दुखत नाही म्हणून टाळू नका, नस गुपचूप मरते आणि मग दात आतून काळा पडतो.

हळदीचा डाग कंपोझिटला लागतो, हो. पण पॉलिश नीट असेल तर बराचसा वरवर राहतो आणि पुन्हा पॉलिश केलं की जातो. पहिले एक-दोन दिवस हळद, चहा जपून. मिश्री आणि तंबाखू असेल तर मात्र कुठलंच पॉलिश टिकत नाही. वर्षातून एकदा चमक काढून घ्यायची, हे धरूनच चाला.

मेणकाम

@जुळे_सोलापूर, तुमची पेशंट युनिफॉर्म शिवते म्हणालात. खालच्या दातांची धार बघा, आणि २१ चीही. दाताने दोरा तोडणाऱ्यांच्या धारेला बारीक खाच असते. असेल तर कोपरा नुसता पडून तुटला नसेल, आणि तुमचं कंपोझिटही तिथेच चिरेल.

जुळे_सोलापूर

बघितलं. २१ ला खाच आहे, ३१ ला, म्हणजे खालच्या डाव्या सेंट्रललाही.

भुईकोट

मग दात मिटवून तपासणं पुरेसं नाही. खुणा उमटवणारा ४० मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ रंगीत कागद घेऊन खालचा जबडा पुढे सरकवायला सांगा, धारेवर धार येईपर्यंत, मग तिरका उजवीकडे, डावीकडे. खुणा ११ आणि २१ दोन्हींवर पडल्या पाहिजेत. नुसत्या कंपोझिटवर पडल्या तर तिथला भाग आतून कमी करा, ओठाकडून नाही, नाहीतर जुळवलेली लांबी जाईल. खूण नेमकी जोडावर येत असेल तर ती तिथून हलवाच.

आणि मशीनच्या खिळ्याला दोरीने दोरा-कटर बांधून ठेवायला सांगा. नुसतं ‘दाताने तोडू नका’ म्हणून चालत नाही, ज्यांना नगावर पैसे मिळतात त्यांचा हात कटर शोधत बसत नाही.